रक्तशर्करेच्या पट्टीसाठी नवं विकर शोधताना

सूक्ष्मजीवशास्त्र विभागातलं जुन्या प्रकल्पांचं कपाट उघडलं, की ‘मातीतून ग्लुकोज ऑक्सिडेज तयार करणाऱ्या बुरशीचा शोध’ अशा धर्तीचं एखादं बाड हमखास हाती लागतं. शेवटच्या प्रकरणात सापडलेली बुरशी बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायजर असते, म्हणजे कांद्याच्या सालीवर काळी पूड धरते तीच. डेटलेव म्यूलर यांनी याच बुरशीत हे विकर १९२८ मध्ये दाखवून दिलं होतं. प्रकल्पाला गुण मिळतात, बाड कपाटात जातं, आणि ग्लुकोमीटरच्या पट्टीला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चा विषय म्हणून हे काम हाती घेणाऱ्यांना, त्यांच्या गाईडना आणि तपासणी-संच बनवू पाहणाऱ्या लहान उद्योजकांना एकच गोष्ट सांगायची आहे. ग्लुकोज खाणारा सूक्ष्मजीव शोधू नका, तो पावलोपावली आहे. ग्लुकोज सोडून बाकीच्या शर्करांना नकार देणारं विकर शोधा. आणि हा नकार तपासायचं काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नका, पहिल्या आठवड्यातच करा.

असं का, हे आज वापरात असलेल्या विकरांच्या खोडी पाहिल्या की कळतं. लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज बसवायची कल्पना मांडली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. हे विकर फार चोखंदळ आहे. माल्टोज, झायलोज यांच्याकडे ते जवळपास ढुंकूनही पाहत नाही. पण ग्लुकोजमधून काढलेले इलेक्ट्रॉन ते ऑक्सिजनला देतं, आणि पट्टीत ते इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत नेण्यासाठी घातलेल्या मध्यस्थ रसायनाच्या वाट्याचे तेवढे कमी होतात. रुग्णाला ऑक्सिजन लावला असेल तर अशा पट्टीवर आकडा खरा आहे त्यापेक्षा खाली येतो. उंच डोंगरावर, विरळ हवेत, तो वर जातो.

यावर उतारा म्हणून ऑक्सिजनला न जुमानणारी डीहायड्रोजनेज विकरं आली. त्यातलं ॲसिनेटोबॅक्टर कॅल्कोॲसेटिकस या जिवाणूचं, पीक्यूक्यू हा सहघटक वापरणारं विकर वेगाच्या बाबतीत बेजोड होतं. म्हणजे रक्ताचा थेंब लहान चालणार आणि उत्तर काही सेकंदांत मिळणार. कंपन्यांना आणखी काय हवं? पण ते माल्टोजलाही ग्लुकोज समजत होतं. एरवी रक्तात माल्टोज नसतंच, म्हणून कोणाचं बिघडलं नाही. बिघडलं ते मूत्रपिंडाच्या रुग्णांचं. पोटातून होणाऱ्या डायलिसिसच्या एका द्रावात आयकोडेक्सट्रिन असतं, आणि शरीरात त्याचं माल्टोज होतं. मीटर म्हणे साखर भरपूर आहे, प्रत्यक्षात ती नेहमीइतकी किंवा कमी असे. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिलं गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २००९ मध्ये जाहीर इशारा दिला, तोवर १९९७ पासूनच्या काळातल्या १३ मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे झाली होती. विकराची निवडक्षमता हा शोधनिबंधातल्या चौथ्या तक्त्याचा विषय नाही, हे यापुढे वेगळं सांगायला नको.

तिसरा गट एनएडी वापरणाऱ्या, बॅसिलसकडून मिळालेल्या डीहायड्रोजनेजचा. ती बरी आहेत, पण एनएडी पट्टीत वेगळं घालावं लागतं आणि ते दमट हवेत टिकवणं ही डोकेदुखी. चौथा गट बुरशींच्या एफएडी-डीहायड्रोजनेजचा. यांत एफएडी विकरालाच घट्ट चिकटलेलं असतं, ऑक्सिजनची अडचण नाही, माल्टोजची जवळपास नाही. खोड एकच: झायलोज. आतड्याची शोषणक्षमता तपासायला कधीकधी रुग्णाला झायलोज पाजतात, तेवढ्यापुरता हा प्रश्न. माझ्या मते ही खोड सगळ्यांत सौम्य आहे, म्हणून नव्याने शोधणाऱ्याने याच गटावर लक्ष ठेवावं. जपानमध्ये तेच झालं. सोया सॉससाठी प्रसिद्ध असलेल्या किक्कोमानच्या संशोधकांनी म्युकर प्रायनी या बुरशीतून झायलोजला फारशी दाद न देणारं विकर वेगळं काढलं आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं.

आता शोध कुठे घ्यायचा. उत्साही विद्यार्थी लगेच लोणार नाही तर वज्रेश्वरीच्या गरम कुंडांचं नाव काढतो. थांबा. लोणारच्या पाण्याचा सामू १०च्या आसपास असतो. तिथल्या सूक्ष्मजीवांनी पेशीबाहेर सोडलेलं विकर त्या अल्कधर्मी पाण्यात रमणारं असण्याचा संभव जास्त, आणि आपल्याला काम करून घ्यायचंय ते रक्तात, ७.४ सामूच्या जवळपास. गरम झऱ्यांचा विचार अगदीच वाया जात नाही. कोजी सोदे यांच्या गटाला जपानमध्ये गरम झऱ्याजवळच्या मातीतून बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा जिवाणू मिळाला. त्याच्या विकराला सायटोक्रोमचा उपघटक जोडलेला आहे आणि ते मध्यस्थाशिवाय थेट इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देऊ शकतं. पण उष्णताप्रिय जिवाणूंची अनेक विकरं ७० अंशांना चपळ आणि बोटातून काढलेल्या थेंबाच्या तापमानाला सुस्त असतात, हेही लक्षात ठेवा.

त्यापेक्षा बुरशी हे विकर बनवते कशासाठी, याचा विचार करा. बाक आणि सातो यांनी १९६७ मध्ये ॲस्परजिलस ओरायझीवरच्या कामात दाखवलं, की माध्यमात हायड्रोक्विनोन किंवा बेंझोक्विनोन घातलं की बुरशी ग्लुकोज डीहायड्रोजनेज बनवू लागते. क्विनोन निसर्गात कुठे असतात? जखमी झालेल्या झाडाच्या पेशींत. सफरचंद किंवा वांगं कापल्यावर काळं पडतं, त्यामागेही फेनॉलपासून बनणारे क्विनोनच असतात. ते बुरशीला मारक. म्हणून झाडावर चाल करून येणारी बुरशी फळातल्याच ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढते आणि क्विनोनवर खर्च करून त्यांचा दंश बोथट करते, असा अंदाज आहे. ग्लोमेरेला सिंग्युलाटा या बुरशीचं असं एफएडी-डीहायड्रोजनेज २०११ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा संशोधकांनी हाच तर्क मांडला होता. ही ग्लोमेरेला म्हणजे कोलेटोट्रायकमचं लैंगिक अवस्थेतलं रूप. कोलेटोट्रायकम कोकणातल्या आंबा बागायतदाराला सांगायला नको. मोहोरावर, पानांवर आणि पिकत्या फळावर काळे डाग पाडणारा करपा तो हाच.

म्हणजे नमुने गोळा करायला दूर जायची गरज नाही. बाजार समितीत टाकून दिलेली डागी फळं, नाशिककडचा द्राक्षाचा चोथा, काजूची सडकी बोंडं, मोहाची गळालेली फुलं, पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कुजत्या लाकडावर उगवणाऱ्या छत्र्या आणि कवकं: जिथे साखर आणि झाडाचे फेनॉल एकत्र येतात तिथे हात घाला. ताडी-माडीत आणि गोड फळांवर ग्लुकोनोबॅक्टर सहज मिळतो आणि तो ग्लुकोजचं आम्ल झपाट्याने करतो, म्हणून मोह होतो. पण त्याचं विकर पेशीच्या पटलात रुतलेलं असतं. ते बाहेर काढताना डिटर्जंटची मिनतवारी करावी लागते. पहिल्याच प्रकल्पात त्या वाटेला जाऊ नये. ज्या बुरशी विकर थेट माध्यमात सोडतात त्यांचं गाळून घेतलेलं पाणी आधी तपासा.

माती न चिवडताही शोध घेता येतो, आणि ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी तो आधी घ्यावा. ॲस्परजिलस टेरियस किंवा ॲस्परजिलस फ्लेवसच्या डीहायड्रोजनेजचा अमिनो आम्लांचा क्रम सार्वजनिक माहितीकोशात फुकट मिळतो. तो ‘ब्लास्ट’मध्ये टाका. ही विकरं जीएमसी नावाच्या मोठ्या कुटुंबातली आहेत. ग्लुकोज ऑक्सिडेज त्यांचं चुलत भावंड, म्हणून यादीत दोन्ही येतील आणि पुष्कळ भलतीही येतील. सुरुवातीच्या भागात एफएडी धरून ठेवणारी ग्लायसिनची ठरावीक रचना आहे का, शेवटाकडे क्रिया घडवणारी दोन हिस्टिडिन जागेवर आहेत का, आणि पेशीबाहेर पाठवणारा संकेतक्रम दिसतो का, हे पाहून चाळणी लावा. माहीत असलेल्या विकराशी नव्वद टक्के साम्य असलेलं घेऊ नका, त्यातून नवं काही निघत नाही. फार दूरचं घेतलंत तर ते ग्लुकोजऐवजी अल्कोहोलवर काम करणारं निघेल. जनुक कृत्रिमरीत्या बनवून घेता येतं आणि पिकिया यीस्टमध्ये घालता येतं. ई. कोलाय स्वस्त आणि सोपा, पण तो बुरशीसारखी शर्करांची साखळी विकराला जोडत नाही, आणि त्या साखळीवाचून ही विकरं अनेकदा उष्णतेला टिकत नाहीत.

प्रयोगशाळेतल्या कामात मात्र घाई करू नका. बहुतेक फसगत इथेच होते.

प्राथमिक चाळणीला ग्लुकोज आणि कॅल्शियम कार्बोनेटची प्लेट स्वस्त पडते. आम्ल तयार झालं की पांढऱ्या माध्यमात वसाहतीभोवती पारदर्शक कडं दिसतं. पण आम्ल कुठलंही असलं तरी कडं पडतं, म्हणून त्यावरून फक्त संशयितांची यादी करायची. पुढची पायरी डीसीआयपीची. हा निळा रंग इलेक्ट्रॉन मिळाले की विरतो आणि ६०० नॅनोमीटरवर उतार मोजता येतो. सोबत पीएमएस घालतात. तो प्रकाशात बिघडतो, तेव्हा बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा आणि ताजाच वापरा. ग्लुकोज न घातलेली नळी आणि उकळलेल्या अर्काची नळी, दोन्ही शेजारी हव्यातच. कच्च्या अर्कात इलेक्ट्रॉन देणारी इतर रसायनं भरपूर असतात आणि ग्लुकोजशिवायही निळा रंग उडवतात. असं दिसलं तर अर्क आधी डायलिसिस करून घ्या.

आपलं विकर ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतं का, हे पाहायला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं का ते बघतात. पॅथॉलॉजी लॅबमधली जीओडी-पीओडी चाचणी याच तत्त्वावर चालते, गुलाबी रंग येतो. इथे दडलेला चोर म्हणजे कॅटलेज. बुरशीच्या अर्कात ते असतंच, पेरॉक्साइड तयार झालं की फस्त करतं, आणि तुम्ही वहीत लिहिता ‘ऑक्सिडेज नाही’. म्हणून एका नळीत माहीत असलेलं पेरॉक्साइड स्वतःहून घाला. त्या नळीतही रंग आला नाही तर निष्कर्ष काढायची घाई नको.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवली की ती बहुतांश अल्फा रूपात असते, आणि ही विकरं मुख्यतः बीटा रूपावर काम करतात. दोन्ही रूपांचा समतोल, साधारण ३६ ला ६४, व्हायला काही तास लागतात. सकाळी बनवलेलं द्रावण सकाळीच वापरलं तर वेग कमी दिसतो आणि संध्याकाळी तोच प्रयोग वेगळं उत्तर देतो. द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा.

आता पहिल्या आठवड्यात करायचं ते काम. माल्टोज, झायलोज, गॅलेक्टोज, मॅनोज, लॅक्टोज, फ्रुक्टोज यांची एकाच तीव्रतेची द्रावणं करून ठेवा आणि प्रत्येक संशयित अर्क ग्लुकोजसोबत या सगळ्यांवर चालवा. ग्लुकोजचा वेग शंभर धरून बाकीचे मांडा. कच्च्या अर्कावर हे करू नये असं काही गाईड म्हणतात, कारण अर्कात माल्टोज फोडणारी विकरंही असतात. मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहे. माल्टोजवरचा आलेख नीट पाहा. पहिल्या क्षणापासून सरळ उतरत असेल तर विकर माल्टोजच खात आहे. सुरुवातीला सपाट राहून मग वेग घेत असेल तर आधी माल्टोजचं ग्लुकोज होतंय आणि विकर निर्दोष असू शकतं. दुसरी सावधगिरी म्हणजे बाटलीतलं माल्टोज पूर्ण शुद्ध नसतं, त्यात थोडं ग्लुकोज असतं. हेक्सोकायनेजच्या संचाने ते किती आहे हे आधी मोजून घ्या, नाहीतर चांगल्या विकराला विनाकारण बाद कराल.

यातून पार पडलेली विकरं मोजकीच उरतील, आणि तेवढीच शुद्ध करायला घ्या. पुढे दोन कसोट्या. पहिली तीव्रतेच्या मर्यादेची. मीटर साधारण २० ते ६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वाचतो, म्हणजे जवळपास १ ते ३३ मिलिमोल. वेगावरून साखर मोजणाऱ्या पट्टीत विकर ५ मिलिमोललाच तृप्त होत असेल तर त्याला २०० आणि ४०० मधला फरक कळणार नाही. दुसरी कसोटी टिकण्याची. बफरमध्ये ५० अंशांना अर्धा तास ठेवून उरलेली क्रिया मोजतात, ते ठीकच. पण पट्टीवर विकर कोरडं असतं, आणि द्रावणात दणकट असलेलं वाळवल्यावर मरगळू शकतं. गाळणकागदावर ट्रिहॅलोजसोबत वाळवून, काही कोरड्या हवेत तर काही दमट हवेत ठेवून पाहा. चंद्रपूर-अकोल्याचा मे महिना आणि कोकणातला जुलै, दोन्हींत औषधाच्या दुकानात पट्ट्यांच्या डब्या असतातच.

डीसीआयपीवर छान चालणारं विकर पट्टीतल्या प्रत्यक्ष मध्यस्थावर चालेलच असं नाही. पोटॅशियम फेरिसायनाइडवर चाचणी केल्याशिवाय कंपनीकडे जाऊ नका, त्यांचा पहिला प्रश्न तोच असेल. दुसरा असेल एका लिटरमागे किती युनिट मिळतात हा. आयएसओ १५१९७ च्या २०१३ च्या मानकानुसार १०० मिलिग्रॅमच्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत आणि त्यावर १५ टक्क्यांच्या आत, असे ९५ टक्के आकडे बसावे लागतात. या चुकीत विकराचा वाटा किती, हे सांगता आलं तर बोलणं पुढे जातं.

सुरक्षेचं थोडक्यात, पण गांभीर्याने. ॲस्परजिलस फ्लेवस अफलाटॉक्सिन बनवते. बर्कहोल्डेरिया सेपेशिया फुप्फुसाच्या काही रुग्णांना घातक ठरतो. आणि म्युकरच्या कुळातल्या बुरशींनी २०२१ मध्ये महाराष्ट्रात मधुमेहाच्या रुग्णांचे काय हाल केले ते आपण पाहिलं. ज्या रुग्णांसाठी विकर शोधायचं त्यांनाच छळणाऱ्या बुरशींच्या जातभाईकडून ते मिळावं, हा निसर्गाचा विचित्र न्याय म्हणायचा. वर्गातल्या कोणाला मधुमेह असेल तर बीजाणू उडणाऱ्या कल्चरवर त्याला बसवू नका, आणि सुरक्षा कपाटाबाहेर प्लेट उघडू नका.

कायद्याचं कामही सुरुवातीलाच उरका. लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथला चमचाभर चिखलही उचलायचा नाही. भारतातल्या जैविक साधनांना २००२ चा जैविक विविधता कायदा लागू आहे. व्यापारी वापराचा विचार असेल तर नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाशी आणि पेटंटचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करावा लागतो. पेटंटबद्दल भाबडी आशा ठेवू नका. १९७० च्या पेटंट कायद्यातल्या कलम ३(क) प्रमाणे निसर्गात असलेली वस्तू नुसती सापडली म्हणून पेटंट मिळत नाही. बदल करून सुधारलेलं विकर, ते बनवायची पद्धत, ते बसवलेली पट्टी यांचा विचार होऊ शकतो. आणि परिषदेत पोस्टर लावायच्या आधी विद्यापीठाच्या पेटंट कक्षाला विचारा, नंतर नव्हे.

ज्यांना ग्लुकोजची वाट फार तुडवलेली वाटते त्यांच्यासाठी शेजारी एक रिकामी वाट आहे. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी विकराने करता येते. त्यासाठी लागणारी फ्रुक्टोसिल अमिनो आम्ल ऑक्सिडेज कोरिनेबॅक्टेरियम, फ्युझेरियम, पेनिसिलियम अशा सूक्ष्मजीवांत सापडली आहेत. मधुमेहींची संख्या पाहता या चाचणीची मागणी वाढतीच राहणार. आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात २०२१ मध्ये १० कोटींहून अधिक मधुमेही होते.

या कामाच्या पहिल्या टप्प्याला महागडी यंत्रं लागत नाहीत. ६०० नॅनोमीटरवर वाचणारा कलरिमीटर, पाण्याचं बाथ, स्वच्छ प्लेट आणि सहा शर्करांच्या बाटल्या तालुक्याच्या महाविद्यालयातही जमतात. एक मात्र करा. विकर कसोटीला उतरलं नाही तरी कल्चर ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका. त्याची ओळख पटवा, कुठल्या फळावर, कुठल्या गावी, कुठल्या महिन्यात मिळालं ते लिहा, आणि पुण्यातल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात, बुरशी असेल तर आघारकर संस्थेच्या बुरशीसंग्रहात, जमा करा. तुम्हाला नको असलेली बुरशी पुढच्या कोणाला तरी हवी असेल.